जुन्या लॅपटॉपसाठी हलकं लिनक्स कोणतं? पेनड्राइव्हवरही हवंय

गिरगावच्या अभ्यासिकेत दोन यंत्रं पडून आहेत: कोअर 2 डुओचा लॅपटॉप, रॅम 2 जीबी डीडीआर2, आणि अ‍ॅटम एन270 चं नेटबुक, रॅम 1 जीबी. मुलांना पीडीएफ वाचायच्या, मराठी टायपिंग करायचं, परीक्षांचे फॉर्म भरायचे. शिवाय केलेले बदल जपून ठेवणारा एक पेनड्राइव्ह हवा. काय टाकू?

प्रतिसाद 1
दोन्हींवर एकच 64 बिटची आयएसओ (लिनक्सची इन्स्टॉल करायची फाइल) चालणार नाही. एन270 हा निव्वळ 32 बिट प्रोसेसर आहे आणि डेबियन या मूळ लिनक्सच्या 13 व्या आवृत्तीपासून 32 बिटचा इन्स्टॉलर मिळत नाही. म्हणून नेटबुकवर डेबियन 12 वर बेतलेलं अँटिएक्स 23 हे हलकं लिनक्स टाका, 32 बिटचं. आइसडब्ल्यूएम या त्याच्या हलक्या डेस्कटॉपवर ते 1 जीबीतही हलतं राहतं.

फॉर्म मात्र त्यावर भरू नका. क्रोम 32 बिट लिनक्सवर 2016 मध्येच बंद झाला, फायरफॉक्सची नेहमीची आवृत्तीही तिथे 144 वर थांबली. जुन्या ब्राउझरमधून पैसे भरणं धोक्याचं. नेटबुक वाचायला आणि टायपिंगला ठेवा.

लॅपटॉपवर 64 बिटचं अँटिएक्स. त्याआधी हार्डडिस्क काढून 120 जीबीची साटा एसएसडी बसवा. सगळ्यात जास्त फरक तिनेच पडतो. वापरलेली डीडीआर2 रॅम लॅमिंग्टन रोडला शोधा, पण चिपसेट बघून. इंटेलचा 945 चिपसेट असेल तर 4 जीबी लावूनही 3 च्या आसपासच दिसते, तेव्हा 2+1 पुरे.

प्रतिसाद 2
+1. मराठी अक्षरांऐवजी चौकोन दिसले तर फॉन्ट्स-लोहित-देवा हे पॅकेज टाका, मग कीबोर्डमध्ये इनस्क्रिप्ट हा मराठी टायपिंगचा लेआउट जोडा.

धागाकर्ता
आभार. 16 जीबीच्या पेनड्राइव्हवर डीडी कमांडने आयएसओ लिहिली. सुरू होतं, पण बंद केलं की वायफायचा पासवर्डसुद्धा जातो.

प्रतिसाद 1
डीडीने आयएसओ जशीच्या तशी उतरते, त्यामुळे बदल लिहायला जागाच उरत नाही. अँटिएक्स सुरू करून त्यातल्याच लाइव्ह-यूएसबी-मेकरने दुसरा पेनड्राइव्ह बनवा, 'फुल फीचर्ड' पर्याय निवडून. ज्यावरून सुरू केलंय त्यावरच लिहिता येत नाही, म्हणून दोन लागतात. कोणता कुठला हे एलएसबीएलके (जोडलेल्या डिस्कची यादी दाखवणारी कमांड) चालवून आकारावरून ताडून बघा. इथे चूक झाली तर आतली डिस्क पुसली जाते.

मग बूट मेनूत बदल जपण्याच्या पर्यायांपैकी पर्सिस्ट-स्टॅटिक निवडा. पर्सिस्ट-ऑलमध्ये सिस्टिममधले बदल आधी रॅममध्ये साठतात आणि बंद करताना पेनड्राइव्हवर जातात. 1 जीबीत तेवढी रॅम परवडत नाही. स्टॅटिक थोडं संथ वाटेल, पण अचानक वीज गेली तरी लिहून झालेलं सहसा टिकतं.

प्रतिसाद 3
लॅपटॉप बरेच दिवस बंद होता ना? तारीख तपासा. मदरबोर्डवरचा सेल उतरला असेल तर तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि ब्राउझर प्रत्येक साइटला 'प्रमाणपत्र अवैध' म्हणतो. लोक उगाच लिनक्स पुन्हा टाकत बसतात. सेल बहुधा सीआर2032 असतो; लॅपटॉपमध्ये तो वायरसकट येतो, म्हणून जुना काढून सोबत न्या, पिन जुळवून घेता येईल.