मदत हवी आहे : ड्रंक अँड ड्राइव्हची केस, गुन्हा कबूल करावा की लढावं?

गेल्या शनिवारी रात्री पाम बीच रोडवर नाकाबंदीत धाकट्या भावाची कार अडवली. ब्रेथ ॲनालायझरच्या पावतीवर ४१ आलंय. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिग्रॅ. पावतीची शाई फिकट व्हायला लागलीय, म्हणून फोटो काढून ठेवलेत. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लावलंय, लायसन्स जमा, पुढच्या आठवड्यात बेलापूर कोर्टात तारीख आहे. अपघात नाही, पहिलीच वेळ. तो दोन पेग प्यायला होता, चूक त्याचीच आहे आणि ती त्याला मान्य आहे.

दोन वकिलांना भेटलो. एक म्हणतात, कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा. पण पहिल्या गुन्ह्यालाही १०,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. दुसरे म्हणतात, मशीनचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट (मशीन बरोबर मोजतं याचा दाखला) मागा. शिवाय रक्ततपासणी झालेली नाही. भाऊ मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह आहे, रोज गाडी लागतेच. दंडापेक्षा लायसन्सची काळजी जास्त आहे.

नवी मुंबई-ठाण्यात अशी केस प्रत्यक्ष हाताळलेल्यांनी कृपया सांगा: पहिल्याच तारखेला कबुली दिली तर लायसन्स किती काळ निलंबित होतं, आणि कॅलिब्रेशन सर्टिफिकेट कबुलीआधी कोर्टात अर्ज करून मागता येतं का?