दोष देणं निरर्थक कसं?
आपलं प्रत्येक कृत्य आधीच्या कारणांनी ठरलेलं असेल (यालाच नियतिवाद म्हणतात) तर कुणाला दोष देणं निरर्थक आहे, असं काहीजण म्हणतात. हा मुद्दा मला पटत नाही. त्याच्या आधाराला मेंदूचे अभ्यासक बेंजामिन लिबेट यांचा १९८३ चा प्रयोग दिला जातो. त्यात माणसांना वाटेल तेव्हा मनगट हलवायला सांगितलं होतं. मनगट हलवायची इच्छा जाणवते हालचालीच्या सुमारे २०० मिलिसेकंद आधी, आणि मेंदूतली विद्युत हालचाल त्याच्याही सुमारे ३५० मिलिसेकंद आधी सुरू झालेली असते. म्हणजे आपल्याला कळण्याआधीच मेंदूने ठरवलेलं असतं, असा अर्थ त्यातून काढतात. आकडे बरोबर. पण मनगट नेमकं त्याच क्षणी हलवायला काही कारणच नव्हतं! दिलेला शब्द मोडावा का, या विचाराने रात्र रात्र जागणाऱ्या माणसाबद्दल हा प्रयोग काय सांगणार?

मला तत्त्वज्ञ पीटर स्ट्रॉसन यांचा १९६२ मधला विचार जवळचा वाटतो. राग, कृतज्ञता, क्षमा या गोष्टी आपण नियतिवादाचा निकाल लागल्यावर सुरू केलेल्या नाहीत. माणसांच्या नात्यांचा तो पायाच आहे. निरोप द्यायला कुणी विसरलं आणि कुणी तो मुद्दाम दडवला, तर नुकसान सारखंच, पण मन दुसऱ्यावरूनच उडतं. हा फरक कार्यकारणाच्या साखळीने पुसला जात नाही.

श्रद्धेबद्दल थोडंसं, कारण जबाबदारी तिच्याआडही टाळता येते. 'देवाने सांगितलं म्हणून चांगलं' म्हणणाऱ्यांनी प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिसने युथिफ्रो नावाच्या माणसाला विचारलेला प्रश्न टाळू नये: देवांना प्रिय म्हणून ते पवित्र, की पवित्र म्हणून देवांना प्रिय? मी स्वतः श्रद्धाळू आहे आणि दुसरा पर्याय मानते. त्याने माझी श्रद्धा कमी झाली नाही, पण आज्ञेआड लपायची सोय मात्र गेली.