अनुभव धागा : लॅपटॉप घेऊन बसता येईल असं आपल्या नागपुरातलं कॉफी शॉप

पुण्या-बंगळुरूच्या नोकऱ्या सांभाळत आपल्या शहरात राहणारे आता गल्लोगल्ली दिसतात. घरून काम सगळ्यांना मिळालं, पण काम करण्याजोगं घर सगळ्यांकडे नसतं. म्हणून हा धागा. तुमच्या भागातलं कॉफी शॉप काम करायला आणि माणसं भेटायला कसं आहे ते सांगा. नुसतं 'मस्त आहे' नको; वायफाय, प्लग, आवाज, संध्याकाळची गर्दी असं सगळं लिहा.

सुरुवात मीच करते. मी लक्ष्मीनगरात राहते. आमच्याकडे कूलर आहे. मे महिन्यात तो चालू ठेवला की मीटिंगमधले लोक विचारतात, तिकडे पाऊस पडून राहिला का? बंद केला तर दहा मिनिटांत मनगटाचा घाम कीबोर्डवर. २०१३च्या मे महिन्यात आपल्याकडे पारा ४७.९ वर गेला होता, त्यामुळे ही काही चोचल्यांची तक्रार नाही. पावसाळा लागला की हवा दमट होते आणि कूलर गार करतच नाही.

आमच्या मागच्या गल्लीत एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर कॉफी शॉप आहे. भिंतीलगतच्या प्रत्येक टेबलाखाली प्लग आहे आणि खुर्च्यांना पाठ आहे. ही दुसरी गोष्ट फार मोलाची. उंच स्टुलावर बसून तासभर टाइप करा, कंबर सांगेल. पण मी तिथे जाते त्याचं खरं कारण वेगळं आहे. दिवसभर स्क्रीनवर बोलून संध्याकाळी लक्षात येतं की आज एकाही माणसाशी समोरासमोर बोललो नाही. तिथे तसं होत नाही.

प्रतापनगरचा_कोडर
ताई, एक भर घालतो. लोक वायफाय तपासताना फक्त डाउनलोडचा वेग बघतात. व्हिडिओ कॉलला अपलोड तितकाच लागतो, तोच कमी पडला की तुमचा चेहरा गोठतो. पहिली कॉफी मागवायच्या आधी अपलोड बघा.

माझी टीम न्यूयॉर्कला. त्यांचे सकाळचे ९ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. नेमकी तीच कॉफी शॉपच्या गर्दीची वेळ. म्हणून दुपारी तिथे बसून कोड लिहितो आणि कॉल घरी येऊन घेतो. भर गर्दीत स्पीकरवर मीटिंग घेणारे पाहिले की जीव कासावीस होतो. भाऊ, हेडफोन लावा, नाहीतर बाहेर ओट्यावर जाऊन बोला.

शब्दांची_मजुरी
मी भाषांतराचं काम करते. बाईमाणसाला एकटीला तीन तास निवांत बसता येणं, हा माझा पहिला निकष. कोणी टक लावून बघू नये, 'अजून कोणी येणार आहे का' असं दर अर्ध्या तासाला विचारू नये. आणि संडास स्वच्छ असावा, आतून कडी लागावी. हे कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते.

धरमपेठेतल्या माझ्या नेहमीच्या ठिकाणी काउंटरवरची पोरगी लॅपटॉपवर लक्ष ठेवते, मी बिनधास्त हात धुवायला जाते. तिथेच शेजारच्या टेबलावरच्या एका वकील बाईंशी ओळख झाली. करारातल्या शब्दावर अडले की मी त्यांना विचारते, त्या मला मराठी अर्जाचा मसुदा दाखवतात. घरी बसून ही ओळख कधीच झाली नसती.

अभ्यासिकावाला
आम्हा एमपीएससीवाल्यांना दीडशेची कॉफी रोज परवडत नाही. अभ्यासिकेत महिन्याची फी भरली की दिवसभर जागा. कॉफी शॉपमध्ये रविवारी जातो, ते फक्त मित्रांसोबत चालू घडामोडींवर वाद घालायला. अभ्यासिकेत बोलता येत नाही ना.

निवृत्त_पासबुक
माझ्याजवळ लॅपटॉप नाही, तरी लिहितो. बँकेतून निवृत्त झालो. सकाळी फिरून आल्यावर आम्ही चौघं कोपऱ्यातल्या टेबलावर बसतो. आधी तर्री-पोहे ठेल्यावर, मग इथे फिल्टर कॉफी. साडेनऊला लॅपटॉपवाली पोरं येऊ लागली की आम्ही उठतो. एकदा त्यातल्या एकाने विचारलं, काका, टॅक्सचा फॉर्म समजून राहिला नाही. तेव्हापासून जुलैमध्ये आमचं टेबल जरा उशिरा रिकामं होतं. फार बरं वाटतं.

काउंटरच्या_पलीकडून
मी बजाजनगरकडे छोटं कॉफी शॉप चालवतो. सगळं वाचलं, आमची बाजू मांडतो.

दुपारी एक ते चार, त्यातही उन्हाळ्यात, रस्त्यावर चिटपाखरू नसतं. त्या वेळी लॅपटॉपवाले आले तर आनंदच, एसी तसाही चालू असतो. अडचण संध्याकाळी होते. चार जणांच्या टेबलावर एक जण आणि एक रिकामा कप, दारात कुटुंब उभं. अशा वेळी एकट्याने छोट्या टेबलावर सरकावं, एवढीच विनंती. दर दीड-दोन तासांनी काहीतरी मागवलंत तर आमचंही भागतं. लिंबू सरबतही चालेल.

लाइट जाते तेव्हाचं सांगतो. इन्व्हर्टरवर दिवे, पंखे, राउटर चालतात. एस्प्रेसो मशीन नाही चालत, त्याला तीन-चार किलोवॉट लागतात. तेव्हा कोल्ड ब्रू मागवा. जाडसर दळलेली कॉफी आम्ही रात्रीच गार पाण्यात भिजत घालतो, बारा-चौदा तासांनी गाळतो. विजेचा संबंध फक्त फ्रिजपुरता.

आणखी एक. कॉफी म्हटलं की सगळे कूर्ग-चिकमगळूर म्हणतात, पण आपल्या विदर्भात चिखलदऱ्यालाही कॉफी पिकते. कधी मिळाली तर नक्की पिऊन बघा.

मिहानवाली
आमचं ऑफिस आठवड्यातून दोन दिवस घरून काम देते. खापरीहून मेट्रोने सीताबर्डी, तिथे गाडी बदलून शंकरनगर. ऊन लागत नाही, पार्किंग शोधावं लागत नाही. @काउंटरच्या_पलीकडून, भाऊ, शनिवारी दुपारी आम्ही सहा जणी आलो तर दोन टेबलं जोडून मिळतील का? काम नाही, नुसत्या गप्पा.

काउंटरच्या_पलीकडून
मिळतील ताई. चारच्या आत या, खिडकीजवळची लावून ठेवतो.