बी विंग ग्रुप, विश्रामबाग, सांगली: ओमबद्दल विचारायचंय

स्नेहल (३०१), रात्री ९:१२
नमस्कार. काल पार्किंगमध्ये ओमच्या हातून शिंदेकाकांच्या गाडीचा आरसा फुटला. काका, परत एकदा सॉरी, भरून देते. पण आज वेगळंच विचारायचंय. ओमच्या डायरीत तिसऱ्यांदा लाल शेरा आलाय: 'जागेवर बसत नाही, मध्येच बोलतो, वही अपूर्ण.' पालकसभेत बाईंनी एडीएचडी हा शब्द काढला, म्हणजे लक्ष न टिकण्याचा, अतिचंचलपणाचा विकार. दुसरीत आहे तो, डिसेंबरात ७ पूर्ण झाली. काल रात्रभर डोळ्याला डोळा नाही. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

शिंदेकाका (१०१), ९:१५
आरशाचं मनावर घेऊ नको गं. आणि पोरगं हाय, पळणारच की. आम्ही आयर्विन पुलाजवळ दिवसभर पाण्यात असायचो. घरात कोण बसलं होतं? कसला आजार नि काय!

विजयाकाकू (२०१), ९:२१
शिंदेभाऊ, तुमचं निम्मं खरं आहे. मी ३२ वर्षं पहिली-दुसरी शिकवली. या वयात चुळबूळ नसलेला मुलगा मला क्वचितच दिसला.
स्नेहल, ओम डिसेंबरातला, म्हणजे वर्गात जवळपास सगळ्यात धाकटा. आपल्याकडे ३१ डिसेंबरला ६ पूर्ण होणाऱ्याला त्याच वर्षी जूनमध्ये पहिलीत घेतात. शेजारच्या बाकावरचा जानेवारीतला मुलगा त्याच्याहून जवळजवळ वर्षाने मोठा! या वयात एक वर्ष म्हणजे फार झालं. परदेशात याचा अभ्यास झालाय, वर्गातल्या धाकट्या मुलांवर एडीएचडीचा शिक्का जास्त बसतो. आधी हे बाईंच्या कानावर घाल.

स्नेहल, ९:२३
हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं काकू.

अमोल (१०३), ९:२६
वहिनी, मोबाईल दिला की तासभर हलत नाही ना? मग लक्ष आहे की त्याचं. काही नसणार.

महेश (४०२), ९:४४
अमोल, आम्हीही असंच म्हणत वेदांतची दोन वर्षं घालवली, म्हणून सविस्तर लिहितोय. मोबाईलवर दर क्षणाला नवीन काहीतरी येतं, तिथे लक्ष आपोआप खेचलं जातं. कंटाळवाण्या कामावर ते स्वतःहून लावावं लागतं, या मुलांचं अडतं ते तिथे. त्यामुळे मोबाईलवरून हो किंवा नाही काहीच ठरत नाही.

वेदांतचं निदान चौथीत झालं. डॉक्टरांनी दंगा किती करतो हे विचारलंच नाही. विचारलं, कुठे कुठे करतो? घरी, शाळेत, कराटेत, तासगावला आजोळी, सगळीकडे तेच. किती दिवस? किमान ६ महिने सतत हवं. कधीपासून? लक्षणं १२ वर्षांच्या आत दिसलेली हवीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याचं त्यात नुकसान होतंय का? होत होतं. मित्रांनी वाढदिवसाला बोलावणं सोडलं होतं. रात्री अंथरुणात म्हणायचा, 'पप्पा, मी मुद्दाम नाही करत.' हे वाक्य अजून कानात आहे.

एक प्रसंग सांगतो. राममंदिर चौकात पतंगामागे तो रस्त्यावर धावला, रिक्षावाल्याने कसाबसा ब्रेक दाबला. घरी येऊन स्वतःच रडला, रस्ता कसा ओलांडायचा ते घडाघडा म्हणून दाखवलं. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच धावला. नियम त्याला पाठ होता, त्या क्षणी थांबणं जमत नव्हतं. माझा पुतण्याही दांडगा आहे, पण एकदा भीती बसली की आठवडाभर तरी जपून असतो. मला दोघांतला फरक तिथे कळला. आणि मी वेदांतला त्याबद्दल मारलं होतं.

शिंदेकाका, ९:४९
महेश, हे म्हाईत नव्हतं रे.

रुक्सानाभाभी (२०३), ९:५३
आमच्या फैजानचं वेगळंच निघालं. तीच तक्रार, लक्ष नाही, चिडचिड. पण तो रात्री तोंड उघडं टाकून घोरायचा. मिरजेला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकामागची गाठ वाढल्याचं सांगितलं. ऑपरेशननंतर झोप लागायला लागली आणि दिवसाचा मुलगाच बदलला. ओमची झोप बघ. डोळे आणि कानही तपासून घे.

विजयाकाकू, ९:५६
अगदी बरोबर. फळा न दिसणारं मूलही वही अपूर्ण ठेवतं. वाचन-लेखनात अडचण असलेलंही उठून फिरतं.

अमोल, ९:५८
साखर बंद करून बघायची का?

महेश, १०:०१
साखरेवर अभ्यास झालेत, साखरेने हे होत नाही. दातांसाठी कमी केली तर चांगलंच.

स्नेहल, १०:०४
महेशदादा, रक्ततपासणी, स्कॅन असं काही असतं का? आणि लगेच गोळ्या देतात?

महेश, १०:१२
निदानासाठी तसलं काही नसतं. आईवडील आणि शिक्षक दोघांकडून प्रश्नावली भरून घेतात, मुलाशी बोलतात, मग ठरवतात. दहा मिनिटांत निदान सांगितलं तर दुसरीकडे जा. ६ वर्षांच्या आतल्यांना आधी पालकांचं प्रशिक्षण, नंतरच्यांना वागणुकीवरचं काम आणि गरज असेल तर औषध. वेदांत घेतो. दुपारी भूक मरते म्हणून सकाळी भाकरी-भाजी पोटभर देतो, वजन-उंची तपासत राहतो. घराण्यातही चालतं हे. डॉक्टरांनी माझं लहानपण विचारलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसलो.
सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे. फोनवर बोलायचं तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, मोफत आहे.

विजयाकाकू, १०:१५
स्नेहल, ओम दुसरीकडे कसा असतो?

स्नेहल, १०:२२
तेच आठवत होते. हरिपूरला आजोबांशेजारी बसून तासभर शेंगा फोडतो. कराटेच्या सरांची तक्रार नाही. घरी अभ्यासाला बसवणं जड जातं, पण गोष्ट सांगितली की ऐकतो. शाळेतच जास्त होतंय. आणि हो, टीव्ही फार जवळून बघतो.

रुक्सानाभाभी, १०:२३
आधी डोळे.

विजयाकाकू, १०:२५
हो, पण तेवढ्यावर थांबू नकोस. दोन आठवडे वहीत लिहून ठेव, कधी, कुठे, त्याआधी काय झालं. ती वही डॉक्टरांना दाखव. नसेल तर नसेल, असेल तर लवकर कळलेलं बरं.

शिंदेकाका, १०:२७
शनिवारी मी गाडी काढतो. आरसा बसवून घेतलाय.

स्नेहल, १०:३०
ओमला काय सांगू? कुठे नेतोय म्हणून?

महेश, १०:३८
वेदांतलाच विचारलं. तो म्हणतोय, खरं सांगा. त्याला दात दाखवायला म्हणून नेलं होतं आम्ही. तिथे गेल्यावर त्याला वाटलं, आपण काहीतरी वाईट केलंय म्हणून फसवून आणलं.

स्नेहल, १०:४०
सांगते. उद्या सकाळी, शाळेआधी.