मदत हवी आहे: फास्ट चार्जरची गन (केबलच्या टोकाचा प्लग) इलेक्ट्रिक गाडीत बसत नाही, ॲडाप्टर नागपुरात कुठे मिळेल?

मानेवाडाकर: नमस्कार. वर्धा रोडवरची तीन चार्जिंग स्टेशनं फिरून आलो, एकाही ठिकाणी गन गाडीत बसत नाही. तिथला पोरगा म्हणाला, "काका, याले ॲडाप्टर लागते." सीताबर्डीत दोन दुकानांत विचारलं, त्यांना काही कळलंच नाही. शुक्रवारी दुपारच्या मुहूर्तावर अमरावतीला मामेभावाचं लग्न आहे, आईला घेऊन जायचं आहे. ॲडाप्टर कुठे आणि केवढ्याला मिळतो, एवढंच सांगा. गाडी विका वगैरे सल्ले नकोत.

मीटरवाला: गाडी कोणती, कोणत्या सालची? गाडीच्या चार्जिंगच्या तोंडाचा फोटो टाका.

हौशी_प्रवासी: ऑनलाइन मागवा भाऊ, दोन दिवसांत येतो. मी टाइप-२ चा घेतला, मस्त चालतो.

मीटरवाला: तो एसीचा, म्हणजे सावकाश चार्जिंगचा असणार. त्यांना डीसी, म्हणजे फास्ट चार्जिंग हवंय. धाग्यात चुकीचं सांगू नका, माणूस पैसे घालवून बसेल.

मानेवाडाकर: गाडी चारचाकी आहे, इलेक्ट्रिक आहे, मागच्या महिन्यात सेकंडहँड घेतली. घरी १५ अँपियरच्या पॉइंटवर रात्रभरात फुल होते, म्हणजे गाडीत दोष नाही. अडचण फक्त गनची आहे.

मीटरवाला: साल? आणि नंबरप्लेट हिरव्यावर पांढऱ्या अक्षरांची की पिवळ्या?

मानेवाडाकर: २०१९ ची सेडान. अक्षरं पिवळी होती, आरटीओत जाऊन पांढरी करून घेतली. त्याचा इथे काय संबंध?

मीटरवाला: सगळा संबंध तिथेच आहे. पिवळी अक्षरं म्हणजे गाडी टॅक्सीत किंवा भाड्याने चाललेली. त्या वर्षांत अशा कामासाठी घेतलेल्या बऱ्याच सेडान ७२ व्होल्टच्या बॅटरीच्या होत्या आणि त्यांना 'भारत डीसी-००१' चार्जर लागायचा. १५ किलोवॅटचा, गन चिनी जीबी/टी पद्धतीची. झाकण उघडून बघा: गोल तोंड, नऊ पिना, त्यातल्या दोन जाड?

अमरावती_रोड: आणि आता जिथे जाल तिथे सीसीएस-२ ही दुसऱ्याच पद्धतीची गन. वरती टाइप-२ सारखं सात पिनांचं तोंड, खाली डीसीच्या दोन जाड पिना. २०१९-२० मध्ये कोना, नेक्सॉन, झेडएस या इलेक्ट्रिक गाड्या आल्या त्या सगळ्या सीसीएस-२ च्या, पुढे बाजार तिकडेच गेला. डिसेंबर २०१८ च्या सरकारी नियमांत सार्वजनिक स्टेशनवर सीसीएस, चाडेमो (जपानी पद्धत) आणि डीसी-००१ तिन्ही ठेवा असं होतं. ऑक्टोबर २०१९ मध्ये ती सक्ती काढली. मग गिऱ्हाईक ज्याचं जास्त, तीच गन लोकांनी बसवली. जुन्या गाडीवाल्यांचा विचार कोणी केला नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मानेवाडाकर: झाकण उघडून बघितलं. गोल, नऊ पिना, दोन जाड. बरोबर आहे तुमचं. आता ॲडाप्टर कुठे मिळेल?

हिंगणा_वर्कशॉप: मिळत नसेल तर बनवून घ्या. एमआयडीसीत माझ्या ओळखीचा फॅब्रिकेटर आहे, जाड तांबं टाकून दोन दिवसांत करून देते. प्लस ते प्लस, मायनस ते मायनस, अर्थ ते अर्थ. बाकी बारीक पिनांचं मोठं काही नसते.

मीटरवाला: हिंगणा भाऊ, हे लिहिलेलं कृपया काढून टाका. त्या बारीक पिनांवरच सगळं चालतं. जीबी/टी मध्ये गाडी आणि चार्जर कॅन नावाच्या पद्धतीने एकमेकांशी बोलतात, सीसीएस मध्ये कंट्रोल पायलट नावाच्या बारीक तारेवरून पीएलसी या वेगळ्याच पद्धतीने. बॅटरी किती भरली, किती करंट घे, कधी थांब, हे सगळं त्या बोलण्यात ठरतं. भाषा जुळली नाही तर चार्जर सुरूच होत नाही, ही झाली नशिबाची गोष्ट. कोणी जबरदस्तीने सुरू केला तर? रस्त्यावरचे सीसीएस चार्जर शेकडो व्होल्टचे असतात. ७२ व्होल्टच्या बॅटरीच्या खूप वर. ही प्लगच्या आकाराची अडचणच नाही.

हिंगणा_वर्कशॉप: वीस वर्षं वायरिंग करून राहिलो. मधात कन्व्हर्टर टाकला तर काऊन नाही होणार?

मीटरवाला: १५ किलोवॅटचा डीसी कन्व्हर्टर, दोन्ही भाषा बोलणारा, त्याला इन्सुलेशनची तपासणी, कुलिंग. तो डिकीत मावेल का, आणि शुक्रवारपर्यंत कोण करून देईल? तुमच्या हाताबद्दल शंका नाही दादा. पण गाडीत त्यांची आई बसणार आहे.

परदेशस्थ_नागपूरकर: इकडे अमेरिकेतही हेच सुरू आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये टेस्लाने आपला प्लग सगळ्यांसाठी खुला केला, २०२३ मध्ये फोर्ड आणि जीएम तिकडे वळले. आमच्याकडे सीसीएस-१ ची (सीसीएसचा इकडचा प्रकार) गाडी आहे, ॲडाप्टर लावून टेस्लाच्या स्टेशनवर चार्ज होते. त्यामुळे ॲडाप्टर अशक्य असं नसतं.

अमरावती_रोड: तिथे दोन्हीकडची बोलण्याची पद्धत एकच आहे आणि व्होल्टेजही जुळतं, म्हणून फक्त आकार बदलून भागतं. इथे तसं नाही.

मानेवाडाकर: अमेरिकेचं नंतर बघू, लग्न अमरावतीला आहे!

सायली_प्रतापनगर: मला स्कूटर घ्यायची आहे, तिला सीसीएस-२ चालेल का? आणि आमची सोसायटी पार्किंगमध्ये पॉइंट घेऊ देत नाही, त्यासाठी कोणाकडे अर्ज करायचा?

मीटरवाला: ताई, वेगळा धागा काढा, तिथे नीट लिहितो. एवढंच सांगतो, हलक्या वाहनांसाठी भारतीय मानक ब्युरोने २०२३ मध्ये एसी-डीसी एकत्र असलेलं वेगळं कनेक्टर मानक आणलं, आयएस १७०१७ भाग २ विभाग ७. एथर आणि विडाच्या स्कूटर त्यावर आहेत. घेण्याआधी दुकानात गनचं नाव विचारा.

जुना_सारथी: मानेवाडाकर दादा, मे २०१७ मध्ये आपल्या नागपुरात इलेक्ट्रिक टॅक्सी सुरू झाल्या तेव्हापासून मी या गाड्या चालवल्या. जुने डीसी-००१ चार्जर एखाद्या यार्डात अजून असतील, पण आधी फोन केल्याशिवाय जाऊ नका. आन् अमरावतीच्या वाटेवर मला तरी एकही दिसला नाही. तुमची गाडी फुल चार्जमध्ये किती जाते?

मानेवाडाकर: ११० दाखवते. एसी लावला की ९०.

जुना_सारथी: अमरावती दीडशे किलोमीटर. मे महिन्यात आईला घेऊन एसी बंद करता येणार नाही. एकदा थांबावंच लागते. वाटेत कोणी नातेवाईक हाय का?

मानेवाडाकर: कारंजा घाडगेला मावशी राहते. पण तिच्याकडे चार्जर कुठे आहे?

जुना_सारथी: अहो दादा, हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायचं होतं ना! कारंजा ऐंशीएक किलोमीटर. मावशीकडे १५ अँपियरचा पॉइंट असला म्हणजे झालं. घरी जी केबल लावता तीच डिकीत टाका. गुरुवारी सायंकाळी ऊन उतरल्यावर निघा, ७० च्या वर पळवू नका, रात्री गाडी लावून द्या, सकाळी फुल. येतानाही तसंच.

मीटरवाला: हेच उत्तर. दोन गोष्टी मात्र पाळा. पॉइंटला अर्थिंग आहे का ते तिथल्या इलेक्ट्रिशियनकडून आधी तपासून घ्या. आणि घरातली बारीक एक्स्टेन्शन वायर वापरू नका, रात्रभर १५ अँपियर ओढल्यावर ती वितळते. पहिल्या अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा, चटका बसला तर लगेच बंद करा.

हिंगणा_वर्कशॉप: एक्स्टेन्शन लागलीच तर चार स्क्वेअर एमएमची तीन कोर वायर अन् इंडस्ट्रियल टॉप लावून मी करून देतो. उद्या या, पैसे फक्त मालाचे.

मानेवाडाकर: मावशीला फोन केला. १५ चा पॉइंट आहे, समोरच्या खोलीत, त्यावर कूलर चालतो. ती म्हणाली, एक रात्र आम्ही गच्चीवर झोपू, तू गाडी लाव. अंगणापर्यंत आठ मीटर वायर लागेल. हिंगणा दादा, उद्या अकराला येतो.