रोबो चालू केल्या केल्या जॉयस्टिकचा सेंटर चुकतो, हात न लावता डावीकडे सरकतो

ओम्नी_चारचाकी
नमस्कार मंडळी, रोबोकॉन या रोबो स्पर्धेची तयारी चालू आहे आणि मॅन्युअल रोबो फार त्रास देतोय. रिमोट आम्हीच बनवलाय, आर्डुइनो नॅनो (छोटा कंट्रोलर बोर्ड), दोन जॉयस्टिक मॉड्यूल आणि एनआरएफ24 रेडिओ मॉड्यूल, रोबोवर आर्डुइनो मेगा आहे, चार ओम्नी चाकं, म्हणजे आडवीही सरकणारी. काठीचं रीडिंग 0 ते 1023 येतं, आधी कोडमध्ये सेंटर, म्हणजे काठी सोडल्यावरचं रीडिंग, सरळ 512 धरला होता पण रोबो हळूहळू सरकायचा, म्हणून आता रिमोट चालू झाला की सेटअपमध्येच 50 रीडिंग घेऊन त्यांची सरासरी सेंटर म्हणून वापरतो. लॅबमध्ये मस्त चालतं. पण घाईत चालू केलं की कधीकधी काठी सोडली तरी रोबो डावीकडे सरकत राहतो आणि उजवीकडे फुल स्पीड काही केल्या येत नाही, बंद करून परत चालू केला की ठीक. आणि दुसरं म्हणजे रिमोटच्या आधी रोबो चालू केला तर एकदम जोरात मागे धाव घेतो, परवा एकाच्या पायावर जाता जाता राहिला. जॉयस्टिक बदलून पाहिल्या, तेच. काय असेल?

सोल्डरची_वाफ
हे दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत, एकत्र शोधत बसलात तर सापडणार नाहीत.

मागे धावतो त्याचा कॅलिब्रेशनशी काही संबंध नाही. तुम्ही रेडिओवर कच्चे 0 ते 1023 पाठवत असणार आणि मेगावर ते मॅप करून, म्हणजे त्या प्रमाणात बदलून, मोटर स्पीडसाठी -255 ते 255 करत असणार. पहिलं पॅकेट येईपर्यंत मेगावरच्या स्ट्रक्टमध्ये, म्हणजे आलेले आकडे ठेवायच्या जागेत, सगळे शून्य असतात, आणि शून्य मॅप केला की -255, म्हणजे फुल रिव्हर्स. मॅपिंग रिमोटवरच करा आणि सेंटर वजा केलेला आकडा पाठवा, म्हणजे शून्याचा अर्थ थांब असाच राहील. शिवाय 200 मिलिसेकंद पॅकेट आलं नाही तर सगळ्या मोटर शून्य, हे आजच्या आज टाका. पायावर जाता जाता राहिला म्हणताय, तोवर रोबो स्टँडवर चाकं अधांतरी ठेवूनच चालू करा.

आता सरकण्याचं. मॅचआधी रोबो मांडायला मिळणारा सेटिंग टाइम एक मिनिट, ऑपरेटर रिमोट हातात धरूनच स्विच टाकतो, अंगठा काठीवर असतोच. 50 रीडिंग काही मिलिसेकंदात होऊन जातात, तेवढ्यात अंगठ्याने काठी जराशी उजवीकडे दाबलेली असली की सेंटर समजा 580 बसला. सोडल्यावर काठी 512 ला येते, म्हणजे कोडच्या दृष्टीने ती कायम 68 ने डावीकडे. उजवीकडे 580 ते 1023 एवढीच जागा उरली म्हणून फुल स्पीड पण येत नाही. डावीकडे सरकणं आणि उजवीकडे स्पीड न येणं, ही दोन्ही लक्षणं याच एका गोष्टीतून येतायत. खात्री करायची तर रिमोट लॅपटॉपला लावा, सेंटर सिरियल मॉनिटरवर छापा, आणि एकदा काठीला हात न लावता, एकदा अंगठा ठेवून रिसेट मारा.

माझं स्पष्ट मत, मॅचच्या वेळी कॅलिब्रेशन करूच नये. वर्कशॉपमध्ये निवांत करायचं, प्रत्येक अक्षाचा मिनिमम, सेंटर, मॅक्सिमम ईईप्रॉममध्ये, म्हणजे बंद केल्यावरही टिकणाऱ्या मेमरीत, लिहायचा, चार अक्षांचे मिळून 24 बाइट होतात. स्टार्टअपला फक्त तपासायचं की काठ्या साठवलेल्या सेंटरजवळ आहेत का. नसतील तर बझर वाजू दे आणि काठ्या सोडेपर्यंत रोबो हलू देऊ नका.

नट_बोल्ट_वॉशर
वरच्याशी सहमत, पण ईईप्रॉममध्ये लिहायच्या आधी जॉयस्टिकचा व्हीसीसी, म्हणजे सप्लाय, कुठून घेतलाय ते बघा. तो नॅनोच्या 5 व्होल्ट पिनवरूनच हवा. जॉयस्टिक म्हणजे पोटेन्शिओमीटर (पॉट), काठी हलेल तसा व्होल्टेज बदलणारा रेझिस्टर, आणि नॅनो तो व्होल्टेज स्वतःच्याच सप्लायशी तोलून आकडा देतो, दोघांचा सप्लाय एक असेल तर तो थोडा वरखाली झाला तरी आकडा तोच राहतो. वेगळ्या बक कन्व्हर्टरवरून, म्हणजे बॅटरीचा व्होल्टेज कमी करणाऱ्या सर्किटवरून, घेतला असेल तर यूएसबीवर, जिथे नॅनोला साधारण 4.65 व्होल्टच मिळतात, सेंटर 550 दिसेल आणि बॅटरीवर तोच 512. मग लॅपटॉपवर केलेलं कॅलिब्रेशन मैदानात चुकीचंच निघणार.

ओम्नी_चारचाकी
दादा, सिरियलवर छापून बघितलं, अंगठा ठेवून रिसेट मारला तर 563, 571, 549 असं काहीही येतंय, हात न लावता 509 च्या आसपास. आणि हो, जॉयस्टिक खरंच बकवरून घेतल्यात, आमच्या इलेक्ट्रिकलवाल्याने नॅनोवर लोड नको म्हणून तसं केलं होतं. मागे धावणं सेंटर वजा करून पाठवल्यावर बंद झालं, टाइमआउट पण टाकला. एक शंका, काठी उजवीकडून सोडली तर 515 ला थांबते आणि डावीकडून सोडली तर 504 ला, मग खरा सेंटर कुठला धरायचा?

सोल्डरची_वाफ
मधला धरा, 509 किंवा 510. स्प्रिंगची काठी दरवेळी त्याच जागी येत नाही, त्यासाठीच डेडबँड असतो, म्हणजे सेंटरच्या आसपासचा पट्टा जिथे स्पीड शून्यच धरायचा, दोन्ही बाजूंना 20 ठेवून बघा. फक्त डेडबँड संपल्यावर स्पीड शून्यापासून सुरू होईल असं मॅप करा, नाहीतर काठी जरा हलवली की रोबो झटका देईल आणि बारीक अ‍ॅलाइनमेंट करताना ऑपरेटर वैतागेल. सेंटर ते मॅक्स आणि सेंटर ते मिन हे दोन वेगळे मॅप लिहा, एकाच मॅपमध्ये कोंबलं की एका बाजूला स्पीड कमी पडतो. आणि लोडची काळजी नको, 10 किलोओहमचं पॉट 5 व्होल्टवर अर्धा मिलिअँपिअर घेतं, चारही अक्ष धरून 2 मिलिअँपिअर, नॅनोला ते काहीच नाही. वायर सरळ 5 व्होल्ट पिनवर हलवा आणि मगच ईईप्रॉममध्ये लिहा.