मदत हवी आहे: इंजिनच्या पाण्याचं तापमान दाखवणाऱ्या गेजचा सेन्सर नेमका कुठे बसवू?

मंडळी, जुना सहा चाकी ट्रक आहे, भिवंडी-नाशिक लाईनला. डॅशबोर्डवरचा काटा कधीच मेलाय. परवा भरल्या गाडीने कसारा घाट चढताना केबिनखालून वाफ आली, तेव्हा कळलं की पाणी उकळतंय.

म्हणून बाजारातून 24 व्होल्टचा गेज आणला. सेन्सरचे आटे 1/8 इंच एनपीटी, म्हणजे पाइपचे निमुळते आटे. थर्मोस्टॅट हाउसिंगवरचं (इंजिन तापल्यावर पाणी रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेचं घर) मूळ भोक 14 मिमीचं, दीडच्या पिचचं (दोन आट्यांत दीड मिमी अंतर). लेथवाला दोन्हींच्या मधे बसणारा पितळी बुश करून देतो म्हणतोय, पण लावून पाहिलं तर सेन्सरचं टोक बुशातच राहतं, पाण्यात जेमतेम नखभर.

दुसरा मार्ग रेडिएटरकडे जाणारा वरचा रबरी होज कापून अडॅप्टर टाकायचा. पण तो थर्मोस्टॅटच्या पुढे. थर्मोस्टॅट बंद अडकला तर इंजिन भाजेल आणि काटा गारच दाखवेल! शिवाय सेन्सर एका वायरचा, रबरात अर्थ (इंजिनच्या धातूतून करंटची परतीची वाट) कुठून मिळणार?

मिस्त्री म्हणतो, टेफ्लॉन टेप चांगली जाड गुंडाळ. त्याने अर्थ कमजोर होऊन काटा कमी दाखवेल ना?

बुश आखूड करून घेऊ, की इंजिनच्या हेडवरचा एखादा रिकामा प्लग शोधू? कोणी केलं असेल तर फोटो टाका. गाडी सोमवारी भरायचीय.